मुतखड्याची कळ रात्री उठली तर आधी काय द्यायचं, आणि कधी सरळ गाडी काढायची?

माळावरचा

घरात दोघांना मुतखडा आहे. धाकटा भाऊ, वय ३४, दुसऱ्यांदा खडा, बाकी तब्येत ठणठणीत. आई, वय ६१, डायबेटीस आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. तिच्या डाव्या किडनीत ४ मिमीचा खडा सोनोग्राफीत दिसलाय, पण कळ अजून आलेली नाही. रात्री तालुक्याचा दवाखाना गाठायचा म्हणजे पाऊण तास.

सल्ले उदंड मिळतात. दोन तांबे पाणी पाजा, उड्या मारायला लावा, बिअर द्या. औषधांच्या डब्यात मेफ्टाल स्पास, झेरोडॉल पी, सायक्लोपाम सगळं पडलंय. आधी कोणती गोळी, किती, आणि काय दिसलं की वाट बघायची नाही, एवढं नेमकं हवंय.

रात्रपाळी

कळ का उठते हे आधी बघा, औषध त्यावरच ठरतं. किडनीतून मूत्राशयात जाणारी नळी साधारण २५ ते ३० सेंमी लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिमी. तीत खडा अडकला की वर लघवी तुंबते, दाब वाढतो आणि किडनीचं आवरण ताणलं जातं. त्यातच शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडतं, त्यामुळे किडनीकडे रक्त आणखी धावतं आणि लघवी आणखी बनते. मोरी तुंबलीय आणि वरून नळ चालूच आहे, असा प्रकार. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक नेमकं हे प्रोस्टाग्लँडिनच रोखतं, म्हणून मान पहिला त्याचा. पीळ सोडवणारी औषधं (ड्रोटिन, सायक्लोपाममधलं डायसायक्लोमिन) आपल्याकडे सवयीने देतात. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०१९ ची मार्गदर्शिका मात्र या कळेसाठी ती देऊच नका म्हणते.

भावासाठी, म्हणजे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, अल्सर नाही, दमा नाही, हृदयविकार नाही, रक्त पातळ करणारी गोळी नाही, असं धरून: कळ सुरू होताच डायक्लोफेनॅक ५० मिग्रॅ, दोन बिस्किटं खाऊन. सोबत पॅरासिटामॉल ६५०. कळ पुरती भरेपर्यंत थांबू नका, उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही. पाकिटावर 'एसआर' लिहिलेली डायक्लोफेनॅक हळूहळू सुटते, ती कळेच्या वेळी कामाची नाही. दिवसभरात डायक्लोफेनॅक १५० मिग्रॅच्या वर नाही. पॅरासिटामॉल पुन्हा द्यायचं तर सहा तासांनी.

आता तुमचा डबा. मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनामिक अॅसिड, झेरोडॉल पीमध्ये अॅसिक्लोफेनॅक. दोन्ही डायक्लोफेनॅकच्याच घराण्यातली, तेव्हा एक दिली की दुसरी तिच्यावर चढवायची नाही. झेरोडॉल पी आणि सायक्लोपाम या दोन्हींत पॅरासिटामॉलही असतं. घरोघरी चूक होते ती इथेच: नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी समजतात, आणि पहाटेपर्यंत पोटात तिप्पट डोस गेलेला असतो. पाकिटावर पेनाने वेळ लिहा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो.

उलटीच होत असेल तर डायक्लोफेनॅक १०० ची सपोझिटरी, शौचाच्या जागेतून ठेवायची. डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आयत्या वेळी मिळत नाही. उलटी थांबवणारी ओंडान्सेट्रॉन ४ मिग्रॅची जिभेवर विरघळणारी गोळीही त्याच चिठ्ठीवर घ्या.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कुशीला, बरगडीच्या खाली, २० मिनिटं. खरंच उतार पडतो. पाणी तहानेपुरतं, घोटघोट. ऐन कळेत तांबेच्या तांबे पाजले तर खडा वाहून जात नाही, तुंबलेल्या किडनीवर दाब आणि उलटी तेवढी वाढते. उड्यांचंही तेच, दमणूक फक्त. बिअरने लघवी जास्त होते, पण नंतर शरीर सुकतं. वर पोटात गोळी आणि दारू एकत्र.

हिरडा

वरचं सगळं भावापुरतं. आईला यातली डायक्लोफेनॅक-मेफ्टाल-झेरोडॉल कोणतीच घरी देऊ नका. डायबेटीस, टेल्मिसार्टन आणि उलट्यांनी सुकलेलं शरीर, या तिघांवर ही गोळी पडली की किडनी अचानक बसू शकते. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध मिसळलेलं असेल (नावापुढे 'एच' असतो, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड) तर धोका आणखी. त्यांना पॅरासिटामॉल द्या आणि निघा. तिथे पॅरासिटामॉल शिरेतून देतात, नाही भागलं तर ट्रॅमाडॉल. शेक देताना पिशवी आधी स्वतःच्या मनगटावर बघा. डायबेटीसमध्ये कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही.

उलट्या होत असतील आणि जेवण जात नसेल तर डायबेटीसच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तेवढ्यापुरतं थांबवायचं असतं. कोणती गोळी कधी थांबवायची हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे, साठीनंतर पहिल्यांदाच कुशीत कळ आली तर 'खडा माहितीच आहे, तोच असेल' असं घरी ठरवायचं नाही. पोटातली मोठी धमनी फुगून फुटू लागली तरी असंच दुखतं. किडनीच्या आत निवांत बसलेला ४ मिमीचा खडा सहसा दुखत नाही. दुखतो तो नळीत उतरल्यावर.

गाडी कधी काढायची? थंडी वाजून ताप आला तर त्याच मिनिटाला. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की विष रक्तात जायला काही तास पुरतात, आणि नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, स्टेंट (आतून ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी टाकून लघवी मोकळी करावी लागते. आईच्या बाबतीत ताप बारीक असला तरी तेच. लघवी पूर्ण बंद, एकच किडनी असलेला माणूस, गरोदर बाई, गोळीनंतर तासाभरातही न हटणारी कळ, पाणीही न टिकणारी उलटी, यातलं काहीही असलं तरी निघायचं.

मुतखड्याचा माणूस एका जागी राहत नाही. लोळतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, भिंतीला पाठ लावतो. याउलट हलवलं की दुखतं म्हणून कोणी निपचित पडून असेल आणि पोट कडक लागत असेल, तर अपेंडिक्ससारखं वेगळं काही धरून चला. वयात आलेल्या मुलाच्या ओटीपोटात-जांघेत एकदम कळ आली तर वृषण बघायला सांगा. त्याला पीळ पडला असेल तर हातात जेमतेम सहा तास असतात. लाजेपायी मुलं सांगत नाहीत.

गाडी नसेल तर १०८.

रात्रपाळी

आईबद्दल हिरडा यांच्याशी पूर्ण सहमत, मी ते आधीच लिहायला हवं होतं. एक भर: गावातल्या कंपाउंडरला बोलावून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घरी टोचून घेऊ नका. ते कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात, खोल स्नायूतच द्यावं लागतं. वरवर पडलं तर तिथलं मांस सडू शकतं, आणि अॅलर्जीचा झटका आला तर घरी काही हाताशी नसतं.

माळावरचा

दोघांचे आभार. पाकिटावर वेळ लिहायचं कधी सुचलंच नव्हतं. भावाचा आजचा सोनोग्राफी रिपोर्ट: 'राइट व्हीयूजे कॅल्क्युलस ६.२ मिमी, माइल्ड एचयूएन'. कळ कालपासून थांबलीय. म्हणजे पडला असं समजायचं का? कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं सुरू आहेत.

गाळणी

सोनोग्राफीत दिसतोय म्हणजे पडलेला नाही! कळ थांबणं आणि खडा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुंबलेली किडनी काही काळाने दाबाशी जुळवून घेते, दुखणं थांबतं, आणि आत किडनी गुपचूप खराब होत राहते. 'आता बरंय' म्हणून तपासणी टाळणारे सगळ्यात जास्त फसतात.

व्हीयूजे म्हणजे नळी मूत्राशयात शिरते ती जागा, नळीची सगळ्यात अरुंद चिमटी. खडा तिथे आला की घडीघडी लघवीला लागतं, थेंबच येतात, टोकाला आग होते. याला लोक उन्हाळी लागली म्हणतात आणि सब्जा पीत बसतात. एचयूएन म्हणजे नळी आणि किडनी दोन्ही फुगलेली. 'माइल्ड' आहे, तेव्हा घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका.

६ मिमी म्हणजे अख्ख्या मसुरीएवढा. ५ मिमीच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात, ५ ते १० मधले साधारण निम्मे. त्यातही तळाशी आलेल्याला संधी जास्त. या जागेसाठी यूरॉलॉजिस्ट टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ रात्री झोपताना देतात, नळीचा खालचा भाग सैल पडतो. पहिले दोन-तीन दिवस अंथरुणातून झटकन उठायचं नाही, चक्कर येते. वीर्य कमी किंवा कोरडं येऊ शकतं, औषध थांबलं की पूर्ववत होतं. हे आधी न सांगितल्यामुळे बरेच पुरुष गोळी मध्येच सोडतात.

आत्ता करायचं: क्रिएटिनिन, लघवीची रुटीन आणि कल्चर (जंतूंची तपासणी), दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, भरल्या मूत्राशयाने. नळीच्या मधल्या टप्प्यातला खडा सोनोग्राफीत हमखास निसटतो. 'दिसत नाही' आणि 'पडला' यात शंका असेल तर केयूबीचा (किडनी, नळी, मूत्राशय) प्लेन सीटी, त्याला शिरेतून रंग टोचावा लागत नाही. चार ते सहा आठवडे, त्यापुढे वाट बघायची नाही, दुर्बिणीने काढायचा.

तोवर प्रत्येक लघवी मगमध्ये करून गाळायची. स्टीलची चहाची गाळणी, त्यावर पांढऱ्या मलमलचा तुकडा. खडा तपकिरी, खरबरीत, कधी दोन-तीन तुकड्यांत येतो. धुऊन, वाळवून कोरड्या डबीत. स्पिरिट वगैरे काही घालू नका. लॅबला 'स्टोन अॅनालिसिस' सांगा. दुसरा खडा आहे, त्यामुळे हे टाळू नकाच, पुढचं पथ्य त्यावर ठरतं.

शेगडी

पथ्याचं मी सांगते, कारण त्यावर सगळ्यात जास्त खोटं चालतं.

कुळथाचं कढण पिऊ दे, पातळ आणि अळणी. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा त्याने विरघळत नाही, पोटात पाणी जातं एवढंच. पानफुटी मात्र थांबवा. त्या कुळातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरं ती खाऊन मरतात. पानात किती आहे हे घरी मोजता येत नाही.

टोमॅटो-वांग्याच्या बियांनी खडे होतात ही समजूत सोडा. खरी नावं ऑक्झलेट जास्त असलेल्यांची: पालक, अळू, बीट, राजगिरा, बदाम. अळू घशाला खाजवतं ते ऑक्झलेटच्या सुयांमुळेच. चिंच घालून खाज जाते, ऑक्झलेट जात नाही. अळूचं फदफदं महिन्यातून एकदा झालं तर आकाश कोसळत नाही, पण पानात वाटीभर दही घ्या. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि शौचावाटे नेतं.

म्हणूनच दूध बंद करणं उलटं पडतं. २००२ मध्ये इटलीतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात नेहमीइतकं कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्यांना, कॅल्शियम तोडलेल्यांपेक्षा खडे निम्म्याने कमी झाले. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, सपाट चहाचा एक चमचा, त्यातच लोणचं, पापड, फरसाण, चटणी सगळं आलं. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियम जास्त पडतं.

पाणी किती प्यायला हे मोजण्यापेक्षा लघवी मोजा. रविवारी घरी असताना चोवीस तासांची लघवी लिटरच्या बाटलीत मोजायची, अडीच लिटर भरली पाहिजे. मे महिन्यात रानात काम करणाऱ्याला त्यासाठी चार-पाच लिटर पाणी लागेल. घाम किती जातो ते कोणी धरत नाही. उपासाच्या दिवशी शेंगदाण्याची साबुदाणा खिचडी, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याला हात नाही, हा तर खड्याला आवतणच. दिवसाला दोन लिंबांचा रस पाण्यातून चांगला, मीठ न घालता. व्हिटॅमिन सी च्या हजारच्या गोळ्या बंद.

लघवी अल्कली करणारी सिरपं मनाने घेऊ नका. युरिक अॅसिडचा खडा त्याने खरंच विरघळतो, हाच एक. पण फॉस्फेटचा किंवा जंतूंमुळे झालेला असेल तर उलट वाढतो. आईला त्यातलं पोटॅशियम सायट्रेट तर विचारल्याशिवाय नाहीच, टेल्मिसार्टनबरोबर रक्तातलं पोटॅशियम चढतं. घरात दोघांना आहे म्हणजे मुलांनाही पाणी आणि मिठाचं हेच वळण लावा. विशीच्या आत कोणाला खडा झाला तर सिस्टीनच्या (आनुवंशिक प्रकारच्या) खड्याची तपासणी करून घ्या.

गाळणी

एक राहिलं. दुर्बिणीने काढायची वेळ आली आणि डीजे स्टेंट टाकला, तर लघवी करताना कुशीत कळ जाणं, थोडं रक्त, सारखी घाई, हे स्टेंटमुळे असतं. ताप आला तर नाही. स्टेंट बहुधा दोन ते सहा आठवड्यांत काढतात, तीन महिन्यांपलीकडे आत राहता कामा नये. त्याच्यावरच खडा चढतो आणि ओढून निघत नाही. डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख लिहून मागा आणि कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करा. तारीख दिली नाही तर ती घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.