तिसरीच्या वह्या कोऱ्या का? (सोसायटीचा ग्रुप, गुरुवार रात्र)

चिऊची आई (बी-२०३), ९.०५: शाळेचा मेसेज आला का सगळ्यांना? उद्या पाच धान्यांच्या पुड्या, कार्डशीट आणि डिंक. उद्या सकाळी! आता गोलाणीत कोणतं दुकान उघडं असेल? आणि आज सहज चिऊची गणिताची वही काढली. दिवाळीनंतर मोजून ११ पानं लिहिली आहेत. अकरा. आमच्या वेळी तिसरीत तीन-तीन वह्या भरायच्या. पोरगी रोज सांगते, आज बाजार खेळलो, आज पानं गोळा केली. मग शिकतात कधी?

सोनूचे पप्पा (ए-४०१), ९.०८: साहित्य तीन दिवस आधी सांगावं. माझी एवढीच मागणी आहे.

पिंकीची आई (सी-३०१), ९.१०: ताई, कार्डशीट माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत, पिंकीला खाली पाठवते. पण वहीची पानं मोजून बाईंना दोष देऊ नका हो. वर्गात ४६ मुलं आहेत.

चिऊची आई, ९.११: दोष नाही देत, विचारतेय. विचारायचं पण नाही का?

पिंकीची आई, ९.११: विचारा ना. पालकसभेत विचारा. तिथे तुम्ही आला नव्हता.

चिऊची आई, ९.१२: माझी सेकंड शिफ्ट होती. तुम्हाला माहीत आहे.

सेक्रेटरी भाऊ, ९.१४: नमस्कार मंडळी. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी साफ करणार आहेत, सकाळी सहाच्या आत पाणी भरून ठेवावे. 🙏

जिभाऊ (ए-१०१), ९.१५: काय व्हयनं? कसाना गोंधय चालू शे?

सोनूचे पप्पा, ९.१६: जिभाऊ, शाळेचा. साहित्य तीन दिवस आधी सांगावं, एवढंच म्हणणं आहे.

ए-२०२, ९.१८: पाणी सहाच्या आत म्हणजे किती वाजेपासून येणार?

चिऊची आई, ९.२०: आणि प्रकल्प खरंच मुलं करतात का? हतनूर धरणाचं मॉडेल कोणी केलं होतं ते सगळ्या बिल्डिंगने पाहिलं आहे. रात्री एक वाजेपर्यंत थर्माकोल कापत होते. पहिला नंबर पण आला.

सी-३०१ भाऊ, ९.२१: वहिनी, नाव न घेता बोललात तरी कळलं. मी फक्त कापून दिलं. रंग तिनेच दिला होता.

जिभाऊ, ९.२२: भाऊ, त्या धरणाले ४१ दरवाजे होते. त्या पोरीले तव्हा ४१ पर्यंत मोजता तरी येत होतं का? 😀

पिंकीची आई, ९.२३: जिभाऊ, तुम्ही मोठे आहात म्हणून काही बोलत नाही.

गुरुजी (सी-१०२), ९.३१: मी झेडपीत ३१ वर्षं पहिली ते चौथी शिकवली, म्हणून दोन शब्द लिहितो. वही भरली म्हणजे पोरगं शिकलं, असं आम्हीही मानायचो. फळ्यावरचं पान मुलं सुरेख उतरवायची. त्याच पानातली एक ओळ पुस्तक मिटून वाचायला दिली की अडायची. हे मी माझ्या वर्गात डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याची मला आजही खंत आहे.
आता केंद्राचं निपुण भारत अभियान आहे, २०२१ साली सुरू झालेलं. त्यात तिसरीच्या शेवटी मुलाला काय यावं हे सरळ दिलंय. न पाहिलेला उतारा मिनिटाला निदान ६० शब्द या वेगाने, समजून वाचता यावा. ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. गुणाकाराची साधी उदाहरणं सोडवता यावीत. किती पानं भरावीत हे त्यात कुठेच नाही. ताई, चिऊला गोष्टीचं नवं पुस्तक द्या, घड्याळ लावा आणि ऐका. वाचून झाल्यावर विचारा, काय झालं गोष्टीत? तेवढ्यात कळेल.
राहिला गृहपाठ. २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. आणि शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो. आपल्या बाई ४६ मुलं एकट्या सांभाळतात. भांडायचंच असेल तर त्या १६ मुलांसाठी दुसरा शिक्षक मागा. मी सही करायला पुढे येतो.

चिऊची आई, ९.३४: गुरुजी, तुमचं पटतं. पण पाचवीत नवोदयची परीक्षा आहे. तिथे कोणी बाजार भरवणार नाही. पेपर द्यायचा आहे.

सोनूचे पप्पा, ९.३५: मूळ मुद्दा बाजूला राहिला. साहित्य तीन दिवस आधी.

बबलूची मम्मी (बी-३०४), ९.४८: ताई, मी एरवी ग्रुपवर लिहीत नाही. त्या बाजाराचं सांगते, कारण आमच्या बबलूने त्यात वांगी विकली.
तराजू घरीच केला. कपड्याचं हँगर, दोन करवंट्या, सुतळी. टांगला तर रिकामा असूनही डावीकडे कलला. बबलू रडायच्या बेतात. मी हात लावणार होते, आबांनी डोळ्यांनीच दटावलं. मग त्याने उजव्या करवंटीला एक बटण बांधलं. तरी कलतोय. दोन चिंचोके टाकले, एक काढला, आणि दांडी सरळ झाली. आबा म्हणाले, याला पासंग म्हणतात, बेटा. नवरा भाजीवाल्याशी भांडताना हा शब्द नेहमी वापरतो, पण तो असा असतो हे मलाही त्या दिवशी कळलं.
आता बाजारातलं. भरताची वांगी ४० रुपये किलो. एका काकूंनी तीन पाव घेतली, ३० झाले. कोथिंबीर ५. पन्नासची नोट दिली. बबलूने २५ परत दिले. काकू भल्या, दहा वेगळे काढून ठेवले आणि बोलल्या काही नाहीत. शेवटी गल्ला मोजला तर दहा कमी. बाईंनी विचारलं, कुठे गेले? तो बसला आठवत. मग बोटांवर, ३५ ला ५ दिले की ४०, आणखी १० दिले की ५०. म्हणजे १५ द्यायचे होते!
घरी आल्यावर मी जुनी वही काढली. प्रत्येक हातच्याच्या वजाबाकीत त्याची हीच चूक. शून्यातून पाच जात नाही, मग हा उलटं करून पाचातून शून्य घालवतो आणि पाच लिहितो. ५० वजा ३५ बरोबर २५. पानोपान लाल फुल्या. दुसरीपासून वहीत फुल्याच बघतोय आम्ही, पण त्याला चूक दिसली ती दहा रुपये गेले तेव्हा. आता काहीही दिलं तरी आधी पुढे मोजून पडताळतो. नवोदयच्या पेपरात हीच वजाबाकी येणार ना?

जिभाऊ, ९.५०: शाब्बास रे बबल्या.

ए-२०२, ९.५१: भरताची वांगी कुठली होती? बामणोदची असतील तर मला पण सांगा.

सी-३०१ भाऊ, ९.५२: काड्यांवर भाजायला या शनिवारी टेरेसवर जमू या.

सेक्रेटरी भाऊ, ९.५३: टेरेसवर जाळ करायला मनाई आहे. मागच्या वर्षीचं आठवत असेलच. डांबरी पट्टा कोणी भरून दिला तेही.

सी-३०१ भाऊ, ९.५४: पैसे दिले होते ना भाऊ आम्ही?

सेक्रेटरी भाऊ, ९.५४: अर्धे.

चिऊची आई, १०.०२: बबलूची मम्मी, वाचलं. चिऊची वही पुन्हा बघितली. तिचीही तीच चूक आहे. मी फक्त पानं मोजली, आत बघितलंच नाही.

पिंकीची आई, १०.०५: ताई, मघाशी सभेचं बोलले ते मनात ठेवू नका. आणि सोनूचे पप्पा, बाईंशी आत्ताच बोलले. पुढच्या आठवड्यापासून साहित्याची यादी सोमवारी येईल. पुढचा उपक्रम शनिवारचा आहे, दप्तर नाही न्यायचं. घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून अहिराणी शब्द गोळा करून लिहून आणायचे. बहिणाबाईंचं गाव आसोदा इथून जवळ, म्हणून बाईंनी हे घेतलं.

सोनूचे पप्पा, १०.०६: धन्यवाद. सोमवार म्हणजे शनिवारच्या पाच दिवस आधी. चालेल.

सी-३०१ भाऊ, १०.०७: बहिणाबाईंची अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे. बाईंना सांगा.

जिभाऊ, १०.०८: दोन्ही आपल्याच शेतस भाऊ. झगडू नका.

गुरुजी, १०.१०: भाऊंचं बरोबर आहे, फरक आहे. मुलांनाच दोन रकाने करू द्या. एकच वस्तू, दोन्ही बोलींत काय म्हणतात. शाळेत घरची बोली बोललं म्हणून मी पोरांना रागावलेलो आहे. त्यांना त्याचं शिकायला मिळतंय, बरं वाटलं.

चिऊची आई, १०.१४: आमच्या घरी म्हातारं कोणी नाही. जिभाऊ, शनिवारच्या आत एक संध्याकाळ चिऊला तुमच्याकडे पाठवू का?

जिभाऊ, १०.१५: धाड बेटा. वही-पेन्सिल देजो संगे.

ए-२०२, १०.१९: पाणी नक्की किती वाजता?