घोटी-त्र्यंबक रोडचे डोंगर फोटोत सपाट का येतात?

नाशिकरोडकर: मंडळी, श्रावणात पहिनेच्या बाजूला डोळ्याला काय भारी दिसतं, आवणी झालेली भातखाचरं, टेकडीमागं टेकडी, मधूनच ऊन, आणि फोटो बघावा तर नुसता हिरवा गालिचा. ऊन पडलं की ढग पांढरेफटक, ढग आला की सगळं काळवंडतं. कॅमेऱ्यावर १८-५५ लेन्स आहे. सेटिंग काय ठेवू? फिल्टर घेऊ का?

ढगवेडा: भाऊ, सेटिंगचं नंतर बघू, आधी ऊन कुठून येतंय ते बघ. दुपारी ऊन डोक्यावर, सावलीच नाही तर चढउतार दिसणार कसे? आणि सूर्य बरोबर पाठीमागं असला तरी सपाटच येतं, हे कोणी सांगत नाही. सकाळी लवकर ब्रह्मगिरी डोंगराकडं, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभा राहिलास तर तेच होतं, त्यापेक्षा उत्तरेला नाहीतर दक्षिणेला वळ, ऊन बाजूनं आलं की डोंगराची प्रत्येक घडी उठून दिसते. आणि गाडी पळवत उन्हामागं फिरू नको. एक जागा धर, फ्रेम लाव, थांब. या दिवसांत ढग पश्चिमेकडून येतात, तिकडं फट दिसली की थोड्या वेळात ऊन तुझ्या खाचरावर येणार, मागचा डोंगर सावलीत असतानाच क्लिक कर.

मिसळ_आणि_लेन्स: +१. रॉमध्ये (जेपीजी न करता कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढा, एक्स्पोजर (फोटो किती उजळ) ढगांवरून ठरवा, सावल्या नंतर कॉम्प्युटरवर उजळता येतात, पांढरे फटक ढग परत येत नाहीत. लेन्स १८ मिमीवर ठेवली की डोंगर बारके होतात, झूम करून ५५ वर या. फिल्टर म्हणाल तर लेन्सपुढं लावून फिरवायचा पोलरायझर घ्याच, ओल्या पानांवरची चमक जाते आणि खरा हिरवा येतो, पण फिरवताना इंद्रधनुष्यच गायब होऊ शकतं, तेवढं बघा.

त्र्यंबकवाली: इंद्रधनुष्य कायम सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे संध्याकाळी पूर्वेला, आणि पब्लिक सगळी मावळतीकडं मोबाईल धरून 😄 एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, लेन्सची काच धुरकटते, एसी थोडा आधीच बंद करा. आणि प्लीज खाचराच्या बांधावर चढू नका, ओला बांध लगेच ढासळतो, शेतकऱ्याचं पाणी निघून जातं.

नाशिकरोडकर: भारी, धन्यवाद सगळ्यांना. पोलरायझर कुठल्या साईजचा मागू?

मिसळ_आणि_लेन्स: लेन्सच्या पुढच्या रिंगवर गोल आणि त्यावर तिरकी रेघ असं चिन्ह असतं, शेजारचा आकडा तोच साईज. सर्क्युलर पोलरायझर म्हणून मागा.