मदत हवी आहे : दिवाडी बेटावर मित्रांसोबत एक निवांत दिवस (फेरीबोट, जेवण, गुडघे)

शनिवारपेठी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कॉलेजचे जुने मित्र गोव्याला जातोय. आठ जण, सगळे पंचावन्नच्या पुढचे. मुक्काम पणजीत. समुद्रकिनारा, पब, कॅसिनो यातलं काहीही नकोय. एक दिवस मात्र आवर्जून राखून ठेवलाय: सकाळी फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडीला जायचं, थोडं भटकायचं आणि तिथल्याच एखाद्या साध्या खाणावळीत दुपारभर गप्पा ठोकत बसायचं. बिल आणून आदळत नाहीत अशी जागा हवी.

मागच्या खेपेला एका क्रूझ बोटीवर गेलो होतो. तिकीट सणसणीत, स्पीकर त्याहून सणसणीत, आणि शेजारी बसलेल्या मित्राशी व्हॉट्सॲपवर बोलायची वेळ आली. त्यामुळे क्रूझ सुचवू नये ही नम्र विनंती.

अडचणी अशा:

एकाचे दोन्ही गुडघे गेलेत. उंच पायरीवरून होडीत उडी मारणं त्याला जमणार नाही. दुसरा पाण्याला घाबरतो, पण चारचौघांत कबूल करत नाही. तिसरा पक्का शाकाहारी आहे, अंडंही नाही, आणि दर सहलीत बिचारा फ्रेंच फ्राइज खाऊन दिवस काढतो. बाकीचे मासे म्हटलं की जीव टाकणारे.

फेरी कुठून पकडावी? बेटावर रिक्षा मिळतात का, की पणजीहूनच गाडी न्यावी? जेवणासाठी आधी सांगावं लागतं का? आणि 3 तारखेचा बेत ठरतोय, तो चालेल ना? नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच पाच फोटो आणि 'स्वर्गीय' हे विशेषण. जाणकारांनी मदत करावी. आगाऊ आभार.

भटक्या

बेटावरच जायचंय तर घारापुरी काय वाईट? गेटवेहून तासाभरात पोचता, लेणीही होतात. फक्त सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

शनिवारपेठी

भटक्या, घारापुरी सगळ्यांची झालीये. आणि तिथल्या पायऱ्या आमच्या गुडघेवाल्याला दाखवल्या तर तो ग्रुप सोडून जाईल.

मांडवीकाठ

पहिली गोष्ट, 3 तारीख आधी खोडा. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक सण, असतो. गोव्यात त्या दिवशी सुट्टी, आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना, चालू. लोक पहाटेपासून पायी येतात, रस्ते वळवलेले असतात. तुम्ही निवांतपणा शोधायला निघालात आणि अर्धा दिवस गाडीत बसून काढाल. 5 किंवा 6 बघा. आठवड्याचा मधला वार असेल तर उत्तम. रविवारी बेटावर लोकांची घरची जेवणं असतात, खाणावळ उघडी असेलच असं नाही.

आता फेरी. दिवाडीला तीन बाजूंनी फेरी लागते: रायबंदर, जुने गोवे आणि पलीकडून डिचोलीच्या बाजूचं नार्वे. जुन्या गोव्याचा धक्का व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की लगेच. पणजीत राहणार असाल तर मी रायबंदर सुचवेन. जाताना पणजी-रायबंदर जोडणाऱ्या कॉजवेवरून (पाणथळीतला भराव घातलेला रस्ता) जाल, तो पोर्तुगीजांनी 1632 ते 1634 मध्ये बांधलेला, आणि अजून त्यावरून बस धावते. हल्ली बांधलेले रस्ते दोन पावसाळ्यांत उखडतात ते सोडा.

ही होडी नाही, सपाट तळाची लोखंडी फेरी आहे. पुढची फळी धक्क्यावर टेकते, गाड्या आणि माणसं सरळ आत. उडी नाही, शिडी नाही. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. काही मिनिटांत पलीकडे. पाण्याला घाबरणाऱ्याला मधोमध उभं करा आणि राजकारणाचा विषय काढा, कळायच्या आत पोचेल. गुडघेवाल्याला मात्र गाडीतच बसवा. ओहोटीला धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, चपलेने घसरणारे रोज बघतो.

करमळी लोकल

+1, 3 तारखेबद्दल.

बेटावर रिक्षाची वाट बघू नका. आठ जणांना दोन गाड्या घेऊन जा. दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण पोलिसांनी अडवलं की दंड तुमचा.

ट्रेनने येणार असाल तर करमळीला उतरा, जुनं गोवं तिथून जवळ.

शनिवारपेठी

मांडवीकाठ, फेस्ताचं डोक्यातच नव्हतं, फार मोठं काम केलंत. 5 तारीख पक्की. जेवणाचं कुणी सांगेल का? आणि जेवणाआधी दोन तास काय बघावं? 'बारा प्रेक्षणीय स्थळं' प्रकार नको.

दिवाडीची सून

तुमचा धागा नवऱ्याने दाखवला म्हणून लिहितेय.

जेवणासाठी आदल्या दिवशी फोन करायचाच. इथल्या छोट्या खाणावळींत सकाळी बाजारात जे मिळालं ते शिजतं. आठ माणसं न सांगता दीड वाजता उभी राहिली तर बाईंनी आणायचं कुठून? साडेबारापर्यंत पोचा, जेवण मागवा आणि मग बसा. साधारण तीननंतर गाव झोपतं. तुम्हाला कुणी उठवणार नाही, पण नवीन काही तळूनही मिळणार नाही, म्हणून जे हवं ते आधीच सांगून ठेवा.

डिसेंबरात चोणक हा मासा मिळाला तर रवा लावून तळलेलं मागा. बांगड्याचं हुमण (नारळाची आमटी) आणि उकड्या तांदळाचा भात हे मात्र रोजचंच. तिसऱ्यांचं सुकं मिळालं तर सोडू नका. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर ताटात असेल, तिला नुसती कोशिंबीर समजून बाजूला सारू नका.

शाकाहारी माणसासाठी फोनवर स्पष्ट सांगा की मासे नाहीत, सुकी सुंगटंही नाहीत. शेवटचं वाक्य विसरलात तर भाजीत सापडतील. खतखतं करता येईल का विचारा. भाज्या, तूरडाळ, नारळ आणि तिरफळं, आणि एकदा खाल्लं की तुमचे मासे खाणारेही त्याच्या ताटात हात घालतील. पैसे रोख ठेवा, रेंजवर विसंबू नका.

बघायचं म्हणाल तर पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, गाडी वरपर्यंत जाते. वरून खाली खाजन शेतं दिसतात. बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवलेली ही जमीन, आणि पाणी आत-बाहेर करायला लाकडी दारांची मानस. खारं सोसणारं कोरगुट भात पिकायचं ते याच खाजनात. हिवाळ्यात पाणथळीत पक्षी पुष्कळ असतात, पण पक्ष्यांसाठीच यायचं तर शेजारच्या चोडणला सलीम अली अभयारण्य आहे, तो वेगळा दिवस.

आणखी एक, सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. ते पाडलं गेल्यावर देव पलीकडे नार्वेला नेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. परतताना नार्वेच्या फेरीने उतरलात तर दर्शन होईल, फक्त पणजीला लांबचा वळसा पडतो.

एक विनंती. बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसलेल्या आजींचे फोटो न विचारता काढू नका. हसून विचारलंत तर त्या स्वतःहून खुर्ची ओढून देतात.

भटक्या

घारापुरीचं विसरा, मलाच आता दिवाडीला जायचंय. ते बोंदेरा की काय तिथलंच ना?

दिवाडीची सून

हो, बोंदेरा म्हणजे इथला झेंड्यांचा उत्सव, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. त्या दिवशी गर्दीच गर्दी, निवांत जेवण विसरा.

शनिवारपेठी

सूनबाई, मनापासून धन्यवाद. तुमच्या गावात ओळखीतून एका खाणावळीचा नंबर मिळाला, आत्ताच बोललो. चोणक मिळेल का ते सकाळी बाजार बघून सांगणार. खतखतं म्हटल्यावर पलीकडून 'किती जणांसाठी?' असा प्रश्न आला. मी एक म्हणालो, तर 'एकासाठी नाही होत, सगळ्यांनी खायचं' असं उत्तर. ठरलं.

शेवटचा प्रश्न: आमच्यातले दोघे 'फेणीची नुसती चव बघतो' म्हणताहेत. यांची चव आम्हाला ठाऊक आहे. परतीची फेरी किती वाजेपर्यंत मिळेल?

मांडवीकाठ

संध्याकाळी फेऱ्या चालू असतात, पाच-सहाला निघालात तरी काळजी नको. वेळेचं घोडं अडत नाही, ड्रायव्हरचं अडतं. चव बघणाऱ्या दोघांच्या किल्ल्या सकाळीच काढून घ्या आणि शाकाहारी मित्राला विचारा त्याला गाडी येते का.