गर्दी मुंबईत, मग विमान नागपुरात का अडकवतात?

सोनेगावकर:
परवा संध्याकाळी नागपूर-मुंबई. दारं लागली, पट्टे बांधले आणि कॅप्टन म्हणाले, मुंबईचा स्लॉट, म्हणजे उतरायची वेळ, मिळालेला नाही, ४० मिनिटं थांबावं लागेल. इथलं आकाश स्वच्छ, शेजारचं पुण्याचं विमान डोळ्यांदेखत उडालं. मुंबईला जाऊनच रांगेत उभं राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? आणि थांबवायचंच होतं तर आत कशाला बसवलं?

निवृत्त एटीसीवाला:
ती रांग हवेत लागते, इंजिनं चालू ठेवून. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. गर्दीच्या तासाला ४६ विमानांची ये-जा व्हायची. २०२४च्या फेब्रुवारीत ती ४४वर आणली, कारण विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. तासाभराच्या घिरट्यांत सुमारे २,५०० लिटर इंधन जळतं, हा सरकारचाच हिशेब. त्यात पाऊस कोसळला की दोन विमानांतलं अंतर वाढवावं लागतं. पडद्यावर हजार-हजार फुटांच्या फरकाने एकावर एक फिरणारी विमानं आणि कानात कुणाचं तरी 'मिनिमम फ्युएल', म्हणजे इंधन इतकं कमी की आणखी उशीर परवडणार नाही. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात (एटीसी) बसून ते मी अनुभवलंय. तुम्ही जमिनीवर थांबलात हेच बरं.

म्हणून दिल्लीचं फ्लो मॅनेजमेंट केंद्र, म्हणजे विमानांची गर्दी आटोक्यात ठेवणारं केंद्र, विमानाला उड्डाणाची वेळ आधीच ठरवून देतं. तिला सीटीओटी म्हणतात. ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर, एवढीच मुभा. लंडनहून निघालेलं विमान आधीच हवेत असतं, त्याला आता कोण थांबवणार? भार नागपूर, इंदूरवाल्यांवर येतो. पुण्याच्या विमानाला मुंबईची धावपट्टी लागतच नव्हती.

आत बसवतात कारण वेळ अलीकडेही सरकते. प्रवासी गेटवर पांगलेले असले तर ती हातची जाते.

मीनल, पार्ले:
पटलं काका. पण माझ्या मधुमेही आईला इंदूरला नुसतं 'थोडा वेळ' सांगत राहिले. आकडा कॉकपिटमध्ये असतो ना?

निवृत्त एटीसीवाला:
असतो, आणि तो प्रवाशांना सांगायलाच हवा. नंतर बदलला तर बदललेला सांगा. क्रूला सरळ विचारा, "सीटीओटी किती वाजताचा?" आईंसाठी पाणी, खाणं तेव्हाच मागून घ्या.

सोनेगावकर:
एवढं थांबूनही उतरण्याआधी एक चक्कर मारलीच!

निवृत्त एटीसीवाला:
ती मुद्दाम ठेवलेली असते. थोडी विमानं हाताशी नसली तर धावपट्टी मिनिट-दोन मिनिटं रिकामी जाते आणि मागच्या सगळ्यांना उशीर होतो.