मदत हवी आहे: लॉरेंट्झच्या सूत्रात उत्तर उलटंच येतंय

धायरीकर (रात्री ११:४०)
आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षतेतलं गणित आहे, तीन रात्री याच्यावर बसलेय. यानाचा वेग प्रकाशाच्या ०.६ पट. गॅमा, म्हणजे वेगावरून निघणारा गुणक, १.२५, दोनदा तपासला. जमिनीवर ५ सेकंद झाले, तर यानातल्या घड्याळात किती? सूत्रात घातलं की ६.२५ येतं. चालतं घड्याळ हळू पडतं म्हणतात, मग वेळ वाढली कशी? पुस्तकात उत्तर ४ आहे. छपाईची चूक आहे का? उद्या रात्रीपर्यंत कळायला हवं, प्लीज.

नळस्टॉप
कुठलं सूत्र? नुसतं गॅमानं गुणलंत का? आणि गणित कुठवर झालंय तुमचं?

धायरीकर
पूर्ण सूत्र. टी डॅश = गॅमा × (टी − व्ही एक्स भागिले सी वर्ग). टी जमिनीवरची वेळ, टी डॅश यानातली, व्ही यानाचा वेग, एक्स अंतर, सी प्रकाशाचा वेग. गणित कुठवर झालंय याचा इथे काय संबंध? वर्गमूळ काढता येतं मला.

आलेखवाला
ताई, सूत्राच्या मागे लागूच नका. अप्पा बळवंत चौकातून आलेखाची वही आणा. आडवं अंतर प्रकाशसेकंदात (प्रकाश एका सेकंदात जातो तेवढं अंतर), उभी वेळ सेकंदात, म्हणजे प्रकाशाची रेघ ४५ अंशांत जाते. गणितज्ञ मिन्कोव्स्कीनं १९०८ साली हीच दृष्टी दिली. मी पन्नाशीनंतर असाच शिकलो, एका आठवड्यात उलगडलं.

बीजगणित आधी
नवशिक्याला आलेख देऊ नका हो. कागदावर यानाचा एक सेकंद जमिनीच्या सेकंदापेक्षा लांब दिसतो. माणूस पट्टी लावतो आणि फसतो, कारण इथे वर्गांची बेरीज नाही, वजाबाकी करायची असते. आधी प्रकाशाचं घड्याळ करा: यानात वर-खाली समोरासमोर दोन आरसे, मध्ये प्रकाश. जमिनीवरून पाहिलं तर यान पुढे सरकतं, म्हणून प्रकाश तिरका जातो आणि काटकोन त्रिकोण पडतो. कर्ण सी टी, पाया व्ही टी, उंची सी टी डॅश. पायथागोरस लावलात की गॅमा हातात.

आलेखवाला
पट्टी लावू नका हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. त्रिकोणातून गॅमा मिळेल, पण व्ही एक्सचं पद कुठून आलं ते त्यात दिसत नाही.

खडकवासला
जीपीएसमध्ये हेच वापरतात. वेगामुळे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, गुरुत्वामुळे ४५ पुढे जातं. निव्वळ ३८ पुढे.

नळस्टॉप
४५ हा सामान्य सापेक्षतेचा भाग. धागा विशेष सापेक्षतेचा आहे.

औंधकर
मुलांसाठी विचारत असाल तर पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, जरूर न्या.

धायरीकर
मला ६.२५ का येतंय एवढंच हवंय हो!

नळस्टॉप
एक्स किती घातलात?

धायरीकर
शून्य. घड्याळ यानात टेबलावर ठेवलंय, ते हलतंय कुठे?

नळस्टॉप
इथेच अडलंय. यानातल्यांसाठी जे शून्य आहे ते एक्स डॅश. एक्स जमिनीवरून मोजायचा. डेक्कन क्वीनमध्ये तुमचा थर्मास तुमच्या समोरच असतो, पण पुणे स्टेशनवर उभ्या माणसाच्या हिशेबात तो शिवाजीनगरच्या पुढे गेलेला असतो. तसं, ५ सेकंदांत यान ०.६ × ५ = ३ प्रकाशसेकंद गेलं. प्रकाशसेकंदात मोजलं की सी १ होतो. आता घाला:
१.२५ × (५ − ०.६ × ३) = १.२५ × ३.२ = ४.
आणि तुमचं ६.२५ वाया गेलेलं नाही. जमिनीवरच्या घड्याळात ५ सेकंद झाले ती घटना यानातल्यांच्या हिशेबात किती सेकंदांनी घडली, त्याचं ते उत्तर आहे. त्यांच्या दृष्टीनं चालतंय ते जमिनीचं घड्याळ, म्हणून तेच हळू.

बीजगणित आधी
पडताळा घ्या: ५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग, १६. वर्गमूळ ४.

धायरीकर
आलं! ४ आलं. एक्स डॅशही काढला, १.२५ × (३ − ३), शून्य. मी बारावी कॉमर्स, बँकेत नोकरी. लेक अकरावीत आहे, तिनं विचारलं आणि मला ‘नंतर बघू’ म्हणायचं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. आता ती विचारणार, दोघांनाही समोरच्याचंच घड्याळ हळू दिसतं तर हे जुळतं कसं? ते सूत्रात कुठे दिसेल?

आलेखवाला
व्ही एक्सच्या त्याच पदात. ‘त्याच क्षणी’ म्हणजे कुठला क्षण, हे दोघांचं वेगळं असतं. आलेखावर जमिनीची ‘आत्ता’ची रेषा आडवी असते, यानाची तिरकी पडते. वही आणलीत का?

धायरीकर
उद्या बँकेतून येताना आणते. किती चौकोनांना एक सेकंद धरू?