मदत हवी आहे: गीझरचा व्हॉल्व ठिबकतो, सिंकला गरम पाणी उशिरा येतं

दादर, १८ मजली इमारत, घर चौथ्या मजल्यावर. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. बाथरूमच्या माळ्यावर २५ लिटरचा स्टोरेज गीझर आहे, ८ बार दाबाचा. तिथून सगळीकडे पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाइप). शॉवर २ मीटरवर, स्वयंपाकघरातलं सिंक १२ मीटरवर.

गीझर तापताना त्याच्या थंड पाण्याच्या तोंडावरचा मल्टी-फंक्शन व्हॉल्व (जादा दाब सोडणारा) ठिबकतो. सिंकला गरम पाणी यायला पाऊण मिनिट लागतं. शॉवर चालू असताना कोणी बादलीचा नळ सोडला की अंगावर चटका बसतो. प्लंबर म्हणतो, ठिबकणाऱ्या तोंडाला प्लग मारू. मारावा का?

माळ्यावरचा
प्लग? मुळीच नको! २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० ला गेलं की साधारण ३५० मिलिलिटरने फुगतं. व्हॉल्वमधला नॉन-रिटर्न त्याला मागे जाऊ देत नाही, म्हणून ते तिथून बाहेर पडतं. थर्मोस्टॅट आणि कटआउट (जादा तापल्यावर वीज तोडणारा) दोन्ही बिघडले तर टाकी फुटू न देणारी ती शेवटची वाट आहे. तोंडाला नळी लावून उताराने मोरीच्या जाळीपर्यंत न्या, टोक उघडं ठेवा, मध्ये कॉक नको. गीझर बंद असतानाही ठिबकत असेल तर मात्र व्हॉल्वच्या सीटवर (झडप टेकते तिथे) कचरा अडकलाय किंवा व्हॉल्व गेलाय, बदला.

पाऊण_इंची
गच्चीपासून तुमच्यापर्यंत ४५ मीटर धरले तर दाब साडेचार बार होतो. घराच्या मुख्य लाइनवर, बॉल व्हॉल्वनंतर, वाय-गाळणी (Y आकाराची गाळणी) आणि प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व (रिड्युसर, दाब कमी करणारा) बसवून ३ बारवर ठेवा. फक्त गीझरच्या फाट्यावर बसवलात तर शॉवरच्या मिक्सरमध्ये (गरम-थंड मिसळणाऱ्या नळात) थंड पाणी गरमाला दाबेल. ही चूक सर्रास होते.

चटक्याचं कारण बहुधा टीची (फाटा काढायच्या तीन तोंडी जोडाची) जागा. गीझरचा फाटा आधी निघतो आणि मिक्सरचं थंड पाणी बादलीच्या नळाबरोबर एकाच अर्ध्या इंची फाट्यावर असतं. नळ सोडला की थंडाचाच दाब पडतो, गरमाचा नाही. गीझर आणि मिक्सरचं थंड पाणी जवळजवळ एकाच ठिकाणाहून घ्या, नळाचा फाटा त्याआधी काढा.

सिंकचं गणित सोपं आहे. पाऊण इंचीत मीटरला पाव लिटर, १२ मीटरला ३ लिटर गार पाणी आधी ओतावं लागतं. शॉवरच्या टीपर्यंत पाऊण इंची राहू द्या, पुढे सिंकसाठी अर्धा इंची टाका: पावणेदोन लिटरच्या आसपास येईल. पाइपवर उष्णता टिकवायला ९ मिलिमीटरचा नायट्राइल फोम चढवा.

प्रश्नकर्ता
गीझरपाशी क्रम कसा? आणि ठिबक पूर्ण थांबवायची असेल तर?

माळ्यावरचा
बॉल व्हॉल्व, युनियन (खोलता येणारा जोड), मग मल्टी-फंक्शन व्हॉल्व, मग गीझर. शेवटच्या दोघांमध्ये कॉक कधीच नको. ठिबक थांबवायला त्याच दोघांमध्ये टी काढून २ लिटरची, पिण्याच्या पाण्याला चालणारी एक्स्पान्शन टाकी (फुगलेलं पाणी सामावून घेणारी) लावा. पाणी सोडण्याआधी तिच्यात ३ बार हवा भरा, रिड्युसरइतकीच.

पाऊण_इंची
गीझरच्या आट्यांवर पितळी इन्सर्टचं फिटिंगच घ्या, निव्वळ प्लास्टिकचे आटे तडकतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) निपल, म्हणजे आट्यांचा छोटा तुकडा, गंजतं. आवळताना दोन पाने वापरा, नाहीतर टाकीचा निपल पिळला जातो. सीपीव्हीसी तापून १२ मीटरला जवळजवळ २५ मिलिमीटर वाढते, म्हणून क्लॅम्प सैल ठेवा आणि मध्ये एक वळसा द्या. सॉल्व्हंट (पाइप जोडायचा गोंद) लावल्यावर २४ तास गरम पाणी सोडू नका.