रात्री आडवं झालं की डोकं सुरू

निद्राहीन: दिवसभर कामात ठीक असतं पण पाठ टेकली की नोकरी जाईल, आईला काही होईल, छातीत धडधड, आणि नको ते विचार म्हटलं की जास्तच येतात. कुणी गेलंय का यातून?

चिवट: ढकलले की ते दुप्पट जोरात येतात. काउन्सेलरने मला संध्याकाळची १५ मिनिटं फक्त काळजी करायला दिली, वहीत लिहायचं, रात्री आला विचार की उद्याची वेळ द्यायची त्याला. पहिला आठवडा येडपटपणा वाटला 😅

कॉफीवाली: आधी थायरॉइड तपास, धडधड त्यानेही होते. दुपारनंतर कॉफी बंद (नाव बघून हसू नका).

जुनापापी: महिनोन्महिने चाललं असेल तर सायकियाट्रिस्टला भेटच. मला गोळ्यांचा फरक कळायला ४ आठवडे लागले, मधेच मनाने बंद करू नकोस.

निद्राहीन: थायरॉइडचं डोक्यातच नव्हतं. उद्या टेस्ट करतो, वही काढलीये.